भूपृष्ठ-प्रतिमानासाठी प्रवाही सॉफ्टवेअर: मॉड्यूलच्या सीमा कुठे आखाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हवाई लायडारचे (विमानातून लेझरने केलेल्या उंची-मोजणीचे) सुमारे ५ अब्ज बिंदू हाताशी आहेत, क्षेत्र साधारण २५ किमी × २५ किमी आहे, यंत्राची मेमरी ६४ जीबी आहे, आणि या बिंदूंपासून सलग त्रिकोणजाळे व त्यावरून १ मीटरचे रास्टर (चौरस पेशींचा उंची-नकाशा) तयार करायचे आहे. वाचन, जमिनीच्या बिंदूंची गाळणी, त्रिकोणीकरण आणि रास्टर-लेखन अशी चार मॉड्यूल आपण योजली आहेत, एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात बिंदूंचा प्रवाह जावा अशी कल्पना आहे, आणि ही रचना पुरेशी आहे का, असे आपण विचारले आहे.

टप्पे योग्य आहेत, परंतु त्यांच्यामधून जे वाहते ते अपुरे आहे. नुसत्या बिंदूंच्या प्रवाहावर गाळणी किंवा त्रिकोणीकरण करणाऱ्या मॉड्यूलला कोणताही निर्णय अंतिम म्हणून घेता येत नाही, कारण पुढचाच बिंदू अगदी त्याच जागी येऊन पडणार नाही याची त्याला खात्री नसते. मग ते सगळे बिंदू जवळ साठवत बसते आणि प्रवाह नावापुरता उरतो. म्हणून बिंदूंबरोबरच ‘या जागेत आता आणखी काही येणार नाही’ ही माहितीही वाहिली पाहिजे. माझ्या मते संपूर्ण रचना या एका गोष्टीभोवती उभी करावी.

आधी मेमरीचा हिशोब मांडू. त्रिकोणजाळ्यात बिंदूंच्या साधारण दुप्पट त्रिकोण असतात, म्हणजे येथे १० अब्ज. प्रत्येक त्रिकोणासाठी तीन शिरोबिंदू आणि तीन शेजारी असे सहा क्रमांक ठेवावे लागतात. ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी क्रमांक मावतात, तेव्हा प्रत्येक क्रमांकाला ८ बाइट द्यावे लागतील आणि एक त्रिकोण ४८ बाइटचा होईल. एका बिंदूमागे दोन त्रिकोणांचे ९६ बाइट आणि निर्देशांकांचे २४ बाइट धरले, तर एकूण ६०० जीबी होतात. जमिनीचे बिंदू यातले निम्मेच निघाले तरी ३०० जीबी राहतातच. कार्यप्रणालीच्या आभासी मेमरीवर हे सोपवल्यास काम संपत नाही, डिस्क मात्र रात्रभर फिरत राहते.

यावर रूढ उपाय म्हणजे क्षेत्राचे टाइलमध्ये तुकडे करणे आणि प्रत्येक टाइलला भोवताली थोडी जादा पट्टी जोडणे. हा उपाय कमी प्रतीचा आहे असे मी म्हणणार नाही. बिंदू सर्वत्र दाट असतील, फक्त रास्टर हवे असेल आणि टाइली वेगवेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालवायच्या असतील, तर मी स्वतः तेच करतो आणि पीडीएएल या बिंदू-प्रक्रियेच्या मुक्त सॉफ्टवेअरसारख्या तयार साधनावर भागवतो. अडचण मोठ्या रिकाम्या जागांपाशी येते. तलावावरून लेझरचे परावर्तन फारसे येत नाही. दोन किलोमीटर रुंद तलाव ओलांडणारे त्रिकोण ५० मीटरच्या पट्टीला दिसतच नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन टाइली त्याच जागी निरनिराळे त्रिकोण काढतात आणि शिवणीवर पायरी उमटते. आपल्याला एकच सलग त्रिकोणजाळे हवे आहे, तेव्हा प्रवाही पद्धतीचा खटाटोप येथे सार्थकी लागेल.

या पद्धतीचा पाया मार्टिन इसेनबर्ग, युआनशिन लिऊ, जोनाथन श्यूचुक आणि जॅक स्नोयिंक यांनी २००६ मध्ये मांडला. त्यांनी अमेरिकेतील न्यूस नदीच्या खोऱ्याच्या ११.२ जीबी लायडार माहितीपासून, म्हणजे सुमारे ५० कोटी बिंदूंपासून, एक अब्ज त्रिकोणांचे जाळे ४८ मिनिटांत तयार केले, आणि तेही दोन हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर केवळ ७० एमबी मेमरीत. त्याच माहितीपासून २० फूट अंतराचे ५०,३९४ × ३०,५०० आकाराचे रास्टर त्यांनी तासाभरापेक्षा थोड्या अधिक वेळात, १०० एमबीहून कमी मेमरीत काढले. नवे त्रिकोणीकरण शोधून हे साधलेले नव्हते. बिंदू ज्या क्रमाने फाइलमध्ये असतात त्यात मुळातच शेजार असतो, कारण विमान सलग उडते. तो शेजार त्यांनी प्रवाहात स्पष्ट शब्दांत नोंदवला, एवढेच.

ही नोंद करणारे मॉड्यूल आपल्या आराखड्यात नाही, आणि ते वेगळेच असले पाहिजे. मी त्याला खूणकर्ता म्हणतो. तो क्षेत्रावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखतो. पहिल्या फेरीत विस्तार-चौकट, म्हणजे सगळ्या बिंदूंना सामावणारा आयत, ठरते. एलएएस (लायडार बिंदूंचे प्रचलित फाइल-स्वरूप) फाइलच्या शीर्षकात ती दिलेली असते, परंतु शीर्षकातील चौकट चुकीची असलेल्या फायली मी इतक्या पाहिल्या आहेत की ही फेरी वाचवण्याचा मोह आता होत नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात किती बिंदू पडतात ते मोजले जाते. तिसऱ्या फेरीत बिंदू पुढे जातात, आणि एखाद्या घराचा शेवटचा बिंदू गेला की लगेच त्या घराची समाप्ती-खूण प्रवाहात सोडली जाते. ज्या घरांत एकही बिंदू नाही त्यांच्या खुणा सुरुवातीलाच जातात. एकाच माहितीच्या तीन फेऱ्या ऐकायला जड वाटतात, पण मोजणीच्या फेऱ्या निव्वळ सलग वाचनाच्या असतात आणि पुढच्या टप्प्यांच्या मानाने स्वस्त पडतात.

आपल्या क्षेत्रासाठी ५० मीटरची घरे घेतली तर ५०० × ५००, म्हणजे अडीच लाख घरे होतील आणि प्रत्येकात सरासरी २०,००० बिंदू पडतील. मोजणीच्या फेरीत प्रत्येक घराचा पहिला आणि शेवटचा बिंदू प्रवाहात कितव्या क्रमांकावर आला, तेही टिपून ठेवावे. अडीच लाख घरांसाठी हे काही एमबींचे काम आहे आणि त्याचा मोबदला मोठा आहे: कोणत्याही क्षणी किती घरे उघडी असतील आणि त्यांत किती बिंदू अडकलेले असतील, हे खरे काम सुरू करण्याआधीच कळते. एका वेळी घरांच्या दहा ओळी उघड्या राहिल्या तर १० कोटी बिंदू अडकतात. एलएएसच्या २८ बाइटच्या नोंदीप्रमाणे ते २.८ जीबी होतात, तेव्हा आपले यंत्र निर्धास्त चालेल.

मात्र विषम क्रमांकाचे उड्डाण-पट्टे एका दिवशी आणि सम क्रमांकाचे दुसऱ्या दिवशी उडवले असतील आणि फायली तारखेच्या क्रमाने वाचल्या, तर पट्ट्यांच्या काठांवरची सगळी घरे दुसऱ्या दिवसाच्या फायली येईपर्यंत उघडी राहतात. तेथे कोणताही हुशार अल्गोरिदम उपयोगी पडत नाही. फायलींचा क्रम बदलणे हाच उपाय, आणि तो दोन ओळींचा आहे. मेमरी पुरत नाही म्हणून त्रिकोणीकरणाचा कोड पुन्हा लिहायला बसण्याआधी कोणत्या क्षणी किती घरे उघडी राहतात याचा आलेख एकदा काढून पाहा.

आता मॉड्यूलमधील कराराकडे येऊ. प्रवाहाच्या आरंभी एक शीर्षक असावे, ज्यात विस्तार-चौकट, घरांची आखणी, निर्देशांक पद्धती, एकक आणि अंकांचे प्रमाण हे सगळे येईल. त्यानंतर तीनच प्रकारच्या नोंदी असाव्यात: बिंदू, घराची समाप्ती-खूण आणि प्रवाहाचा शेवट. शेवटची नोंद बऱ्याच जणांना अनावश्यक वाटते, मलाही वाटत असे. एका नदीखोऱ्याच्या कामात माझी गाळणी मेमरी संपल्यामुळे मध्येच बंद पडली. पुढच्या मॉड्यूलला पाइप रिकामा झालेला दिसला, त्याने काम संपले असे समजून हाती होते तेवढ्याचे नीटनेटके रास्टर लिहून टाकले. क्षेत्राची सीमा मुळातच वेडीवाकडी असल्याने दक्षिणेकडचा भाग गायब आहे हे दोन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून ‘एकूण इतके बिंदू, इतक्या खुणा, संपले’ ही नोंद मिळाल्याशिवाय माझे कोणतेही मॉड्यूल आपली निष्पत्ती पक्की करत नाही. ते तात्पुरत्या नावाने फाइल लिहिते आणि आकडे जुळल्यावरच तिचे नाव बदलते.

प्रत्येक मॉड्यूलने करारात आणखी एक गोष्ट जाहीर करावी, ती म्हणजे त्याची पोच, अर्थात निर्णयासाठी त्याला भोवताली किती अंतरापर्यंत पाहावे लागते ते. बिंदूचा वर्ग (जमीन, झाड, इमारत वगैरे) पाहून तो ठेवणाऱ्या किंवा टाकणाऱ्या मॉड्यूलची पोच शून्य असते, त्यामुळे ते खुणा जशा आल्या तशा पुढे पाठवू शकते. जमिनीची गाळणी तशी नसते. एखादा बिंदू जमिनीचा की छपराचा हे ठरवायला ती भोवतालचा काही मीटरांचा प्रदेश पाहते. एसएमआरएफ या प्रचलित गाळणीची खिडकी पीडीएएलमध्ये मूळ मूल्यानुसार १८ मीटरची आहे, आणि मोठ्या इमारती असलेल्या भागात ती वाढवावी लागते. पोच जर १८ मीटर असेल, तर एखाद्या घराबाबत निर्णय त्याच्या आठही शेजाऱ्यांच्या खुणा आल्यावरच घेता येतो, आणि त्या घराची खूण गाळणीतून तेव्हाच बाहेर पडते. म्हणजे गाळणी प्रवाहाला घरांच्या एका ओळीइतका उशीर करते. पोच जाहीर केलेली असली की सर्व मॉड्यूलना सामाईक असलेला कोड हा उशीर आणि त्यासाठी लागणारी मेमरी स्वतः सांभाळू शकतो, आणि गाळणी लिहिणाऱ्याला ‘हे घर आणि त्याचे शेजारी’ एवढेच हातात मिळते.

मॉड्यूलची सीमा कुठे आखावी या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडले. काम वेगळे म्हणून मॉड्यूल वेगळे, असे मी आता करत नाही. शून्य पोचेची कामे, उदाहरणार्थ वर्गानुसार निवड, एककांचे रूपांतर, टोकाच्या उंची वगळणे, ही सगळी एकाच मॉड्यूलमध्ये एकापाठोपाठ चालवावीत, कारण त्यांच्यामध्ये रांगा घालण्याने केवळ वेळ जातो. जेथे प्रवाह अडतो आणि मेमरी साठते, तेथे मात्र नक्की सीमा हवी, म्हणजे मोजमाप तेथे करता येते. दोन बिंदूंचे आडवे निर्देशांक तंतोतंत सारखे असतील तर कोणता ठेवायचा, हा निर्णय घराच्या आतच होतो, म्हणून तो गाळणीनंतर लगेच, त्रिकोणीकरणाच्या आधी घ्यावा. जमिनीच्या प्रतिमानासाठी मी खालचा बिंदू ठेवतो.

त्रिकोणीकरण हे या साखळीतील सर्वांत नाजूक मॉड्यूल आहे. आपले जाळे डेलोने पद्धतीचे असेल, आणि डेलोने त्रिकोणाचे लक्षण असे की त्याच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू नसतो. यातूनच त्याच्या अंतिमतेची कसोटी मिळते: परिवर्तुळ ज्या ज्या घरांना स्पर्श करते ती सगळी बंद झाली असतील, तर तो त्रिकोण यापुढे कधीही बदलणार नाही, त्याला लिहून टाकावे आणि मेमरीतून सोडावे. प्रत्येक खुणेनंतर सगळे त्रिकोण तपासत बसू नये. प्रत्येक जिवंत त्रिकोणाला, त्याचे परिवर्तुळ ज्यांना स्पर्श करते अशा उघड्या घरांपैकी कोणत्याही एकाच्या यादीत टांगून ठेवावे. ते घर बंद झाले की त्या यादीतील त्रिकोण तपासावेत. अंतिम झालेले बाहेर जातात, उरलेले दुसऱ्या उघड्या घराच्या यादीत सरकतात.

येथे दोन खाचखळगे आहेत. प्रवाहाच्या आघाडीवरचे त्रिकोण लांबट असतात आणि त्यांची परिवर्तुळे पुढच्या रिकाम्या प्रदेशात दूरवर पसरतात, त्यामुळे नको इतके त्रिकोण मेमरीत रेंगाळतात. यावर मूळ लेखकांनीच योजलेला उपाय असा की खूणकर्त्याने बिंदूंचा एक विरळ नमुना वेळेआधीच पुढे पाठवावा. पुढच्या प्रदेशात थोडे बिंदू आधीच विखुरलेले असले की परिवर्तुळे आवरली जातात. दुसरा खळगा क्षेत्राच्या बाह्य कडेचा. तेथील काही त्रिकोणांची परिवर्तुळे फार मोठी असतात आणि ते बरेचदा अखेरपर्यंत टिकतात. त्यांची संख्या कमी असते, तेव्हा त्यांच्यामागे लागू नये. मी एकदा लागलो होतो आणि आठवडा घालवून काही एमबी वाचवले.

अचूकतेचा विचार शीर्षकातच व्हायला हवा. यूटीएमसारख्या, मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या नकाशा-निर्देशांक पद्धतीत उत्तर-निर्देशांक लाखो मीटरांत असतात. ३२ बिटांच्या चल-दशांश (फ्लोट) संख्येत ४१,९४,३०४ ते ८३,८८,६०८ या पट्ट्यात लगतच्या दोन संख्यांमधील अंतर अर्धा मीटर असते, म्हणजे सेंटिमीटरची माहिती शांतपणे पुसली जाते. ६४ बिटांनी हे भागते, परंतु बिंदू परिवर्तुळाच्या आत की बाहेर हे उत्तराच्या चिन्हावरून ठरवणारी कसोटी चौथ्या घाताची असल्याने तेथेही चिन्ह चुकू शकते आणि एका चुकीच्या चिन्हाने जाळे गुंतते. श्यूचुक यांच्या अनुकूली (गरजेपुरतीच अचूकता वाढवणाऱ्या) अचूक कसोट्या यासाठीच आहेत आणि त्या वापराव्यात. तथापि आपल्या बाबतीत आणखी सोपी वाट आहे. एलएएस मुळात पूर्णांकच साठवते. २५ किमीच्या क्षेत्रात १ मिलिमीटरच्या प्रमाणाने निर्देशांकांचे फरक २.५ कोटींच्या आत, म्हणजे २५ बिटांत राहतात; परिवर्तुळाच्या कसोटीचे उत्तर त्यामुळे सुमारे १०४ बिटांत मावते आणि १२८ बिटांच्या पूर्णांकात ते तंतोतंत काढता येते. म्हणून प्रवाहात पूर्णांकच वाहू द्यावेत आणि मीटरमध्ये रूपांतर अगदी शेवटी करावे.

चार बिंदू एकाच वर्तुळावर असतील तर त्यांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण तितकेच योग्य ठरतात, आणि जाळे बिंदू कोणत्या क्रमाने आले यावर अवलंबून राहते. विखुरलेल्या लायडार बिंदूंत हे क्वचित घडते, पण कुणी ग्रिडवर आधीच बसवलेले बिंदू दिले की ते पदोपदी घडते आणि दोन वेळच्या रास्टरमध्ये फरक दिसतो. अशा वेळी निवड निर्देशांकांवरूनच ठरवणारा एखादा ठाम नियम असावा, आगमनाच्या क्रमावरून नव्हे.

त्रिकोणीकरणातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहालाही हाच करार लागू होतो. शिरोबिंदू आणि त्रिकोण एकमेकांत मिसळून जावेत, आणि एखाद्या शिरोबिंदूचा शेवटचा त्रिकोण गेला की तशी खूण जावी. समोच्च रेषा किंवा उतार काढणारे मॉड्यूल उद्या जोडले तर त्याला ही खूण पुरते. शिरोबिंदूंचे क्रमांक खुणेनंतर पुन्हा वापरता येतात, त्यामुळे वर हिशोबात आलेले ८ बाइटचे क्रमांक मेमरीत कुठेच लागत नाहीत.

रास्टरच्या मॉड्यूलबाबत आपण फार काळजी केली आहे, तेवढी गरज नाही. १ मीटरने २५,००० × २५,००० पेशी, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे २.५ जीबी. हे आपल्या मेमरीत आरामात बसते, तेव्हा तात्पुरत्या फायली, टाइलींची अदलाबदल वगैरे काही करू नका. संपूर्ण रास्टर मेमरीत घ्या आणि त्रिकोण येतील तसे भरा. पेशीचे केंद्र नेमके त्रिकोणाच्या कडेवर आले तर ते कोणत्या त्रिकोणाचे, याचा नियम मात्र ठरवून ठेवा, म्हणजे प्रत्येक पेशी एकदाच लिहिली जाईल आणि ‘किती पेशी दोनदा लिहिल्या गेल्या’ ही संख्या शून्य आहे का, हे तपासता येईल. एखाद्या त्रिकोणाची कड अमुक मीटरपेक्षा लांब असेल तर तेथे उंची भरायची की जागा रिकामी ठेवायची, हा प्रश्नही येथेच सोडवावा, त्रिकोणीकरणात नव्हे.

मॉड्यूल म्हणजे स्वतंत्र प्रक्रिया की एकाच प्रोग्रॅममधील वर्ग (क्लास), असाही आपला उपप्रश्न होता. मी सुरुवात स्वतंत्र प्रक्रियांनी आणि पाइपने करतो. लिनक्सचा पाइप मूळ मूल्यानुसार ६४ केबी भरला की लिहिणाऱ्याला थांबवतो, त्यामुळे मंद मॉड्यूलच्या मागे बिंदूंचा ढीग आपोआप साचत नाही, आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या कोअरवर चालतो. रचना स्थिरावल्यावर तेच करार एका प्रोग्रॅममध्ये, मर्यादित लांबीच्या रांगांसह आणता येतात. दोन्हीकडे एक पथ्य पाळावे: बिंदू एकेक करून न देता काही हजारांच्या गठ्ठ्याने द्यावेत. एकेका बिंदूमागे होणारे फंक्शन-कॉलचा आणि रांगेला लॉक लावण्याचा खर्च पाच अब्जांनी गुणला जातो. गठ्ठ्याच्या मध्ये खूण येऊ शकते हे लक्षात ठेवा. खूण आली की गठ्ठा तेथेच तोडावा, नाहीतर खूण बिंदूंच्या पुढे निघून जाते.

अशा चुका पकडण्यासाठी मी सर्वांत आधी जे मॉड्यूल लिहितो ते काहीच बदलत नाही: आलेला प्रवाह तसाच पुढे देते, आणि बंद घरात बिंदू आला, एखाद्या घराची खूण दोनदा आली किंवा आलीच नाही, तर तेथल्या तेथे काम थांबवते. विकासाच्या काळात ते साखळीच्या प्रत्येक सांध्यात बसवून ठेवावे. दुसरी चाचणी म्हणजे दहा-वीस लाख बिंदूंचा नमुना घेऊन त्याचा क्रम पूर्ण विस्कटावा आणि साखळी पुन्हा चालवावी. मेमरी जास्त लागेल, परंतु त्रिकोणजाळे तेच यायला हवे. ते वेगळे आले तर दोष बहुधा गाळणीच्या पोचेत किंवा कर्णाच्या नियमात सापडतो.

ब्रेकलाइन (नदीकाठासारखी, उतार एकदम बदलतो तेथील रेषा) पहिल्या आवृत्तीत नको, असे आपण लिहिले आहे. कोड नको, हे मान्य, पण करारात तिची जागा आताच राखावी. नदीकाठाची रेषा एखाद्या घरातून जात असेल तर ते घर बंद होण्याआधी ती तेथे पोचलेली असली पाहिजे. म्हणून रेषा घरांच्या सीमांवर तोडून, तिचे शिरोबिंदू त्याच पूर्णांकी प्रमाणावर बसवून, खूणकर्त्यातूनच सोडाव्या लागतील आणि त्याच्या मोजणीत त्या धराव्या लागतील. त्यासाठी शीर्षकात आवृत्ती-क्रमांक ठेवावा, आणि अनोळखी प्रकारची नोंद दिसल्यास मॉड्यूलने ती गुपचूप गाळू नये, काम थांबवावे.